फॉर्म भरायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा: डिग्रीचे विषय, क्रेडिट आणि तीन वर्षांचं प्लॅनिंग

दरवर्षी जूनमध्ये कॉलेजच्या ऍडमिशन टेबलावर बसतो (मी सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर मॅथ्स शिकवतो) आणि दरवर्षी तेच बघतो. पोरगं येतंय, बरोबर दोन मित्र, फॉर्मवर विषयाचा रकाना रिकामा, आणि शेजारच्याला विचारतंय, तू काय घेतलास रे? मग शेजारच्यानं घेतलंय ते हे पण घेतं, आणि तीन वर्षांची दिशा तिथं पाच मिनिटात ठरून जाते.

मी स्वतः तेच केलंय. मला स्टॅटमध्ये (स्टॅटिस्टिक्स) एम.एस्सी. करायचंय हे टी.वाय.ला म्हणजे तिसऱ्या वर्षाला गेल्यावर कळलं, आणि स्टॅट तर मी आधीच सोडून बसलेलो, का तर ग्रुपमधल्या चौघांनी सोडलं म्हणून. मॅथ्सनं सांभाळून घेतलं, पण ती दोन-तीन वर्षं मनाला लागून राहिली. म्हणून हे सविस्तर लिहितोय. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या तीन जिल्ह्यातली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. ला येणारी पोरं-पोरी डोळ्यासमोर ठेवलीत, पण नवीन शैक्षणिक धोरणाचा ढाचा राज्यभर सारखाच असल्यामुळं बाकीच्यांनाही उपयोग होईल.

सुरुवात शेवटापासून करा

विषय कुठला घेऊ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न म्हणजे डिग्री हातात आल्यावर कुठल्या दारात उभं राहायचंय? नक्की माहीत नसलं तरी चालेल, दोन-तीन शक्यता लिहा. आणि प्रत्येक दाराची पात्रता काय आहे ते शोधून शेजारी लिहा, कारण पात्रता ही अशी गोष्ट आहे की तिची आठवण लोकांना फॉर्म रिजेक्ट झाल्यावर येते.

काही उदाहरणं देतो. एमपीएससी राज्यसेवेला कुठल्याही शाखेची डिग्री चालते, तिथं मेजर (डिग्रीचा प्रमुख विषय) कुठला ह्यानं पात्रता अडत नाही, मग आवडीचा विषय घ्या आणि मार्क चांगले काढा. एमसीए करायचं असेल तर डिग्रीला 50 टक्के (राखीवला 45) लागतात आणि बारावीला किंवा डिग्रीला मॅथ्स असलेलं बरं, त्यामुळं बारावीला मॅथ्स नसलेल्यांनी हा विचार पहिल्याच वर्षी करायचा. बी.एड. ला पण साधारण 50 टक्क्यांची अट आहे, पण तिथं खरी मेख विषयाची असते, शाळेत शिकवला जाणारा विषय तुमच्या डिग्रीत दिसायला पाहिजे. एम.एस्सी. ला तर बहुतेक ठिकाणी तोच विषय मेजर लागतो. पुढं नेट-सेट करून प्राध्यापक व्हायचं असेल तर पी.जी. ला 55 टक्के ही रेषा आतापासून डोक्यात ठेवा.

माझी भाची गारगोटीची. गेल्या वर्षी तिला बी.एस्सी. ला घालायची होती तेव्हा आम्ही कालनिर्णयचं जुनं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला सहा चौकोन काढले, सहा सेमिस्टरचे. आणि सगळ्यात उजवीकडं, चौकोनांच्या बाहेर, तिनं लिहिलं: 1) एम.एस्सी. केमिस्ट्री, 2) बी.एड. करून शाळा, 3) एमपीएससी. मग उजवीकडून डावीकडं येत गेलो. तिन्ही दारांना केमिस्ट्री मेजर चालतंय का? चालतंय. बी.एड. ला सायन्सचा अजून एक विषय असला तर बरं म्हणून बॉटनी मायनर (दुय्यम विषय). झूलॉजी? पहिल्या वर्षी घ्यायचं, दुसऱ्या वर्षी सोडायचं. बहिणीला वाटलेलं हे काय पोरखेळ चाललाय, पण अर्ध्या तासात पोरीच्या चेहऱ्यावरचं टेन्शन गेलं होतं.

पहिल्या वर्षाचे तीन विषय म्हणजे नुसता ग्रुप नव्हे

आता तो ढाचा समजून घेऊ. संलग्न कॉलेजमध्ये नवीन धोरण पदवीच्या पहिल्या वर्षाला 2024-25 पासून आलं, स्वायत्त कॉलेजांमध्ये एक वर्ष आधी. बहुतेक आर्ट्स आणि सायन्स कॉलेजात पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय सारख्या वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर होतो, एक मायनर, आणि तिसरा सुटतो.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जो विषय पहिल्या वर्षी तुमच्या तिघात नाही, तो पुढं मेजर होणं फार अवघड. म्हणजे जूनमध्ये तुम्ही मेजर निवडत नाही, मेजर कुठल्या तिघांमधून निवडता येईल ते निवडता. म्हणून तीन विषयांपैकी किमान दोन असे असावेत की जे मेजर झाले तरी तुम्ही तीन वर्षं आनंदानं कराल. एकच आवडीचा आणि दोन भरीला असं केलं आणि तो आवडीचा पहिल्या सेमिस्टरला जड गेला, तर हातात काहीच राहत नाही.

अजून एक, कॉलेज बघताना "इथं माझा विषय आहे का" एवढंच विचारू नका, "इथं हा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून चालतो का" हे विचारा. काही ठिकाणी विषय पहिल्या दोन वर्षांपुरताच असतो, किंवा पोरं कमी पडली तर तुकडी निघत नाही. ऑफिसमध्ये विचारण्यापेक्षा त्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन एचओडी (विभागप्रमुख) सरांना किंवा मॅडमना भेटा, आणि टी.वाय. ची दोन पोरं गाठा. गेल्या वर्षी किती जण होते, प्रॅक्टिकल खरंच होतात का, सगळं खरं-खरं सांगतात.

ही अक्षरं काय आहेत

टाइमटेबल हातात आलं की ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असली अक्षरं बघून पोरं गांगरतात. एकदा समजून घेतलं की सोपं आहे.

मेजर आणि मायनर झालं. मायनर त्याच शाखेतला असू शकतो किंवा दुसऱ्या. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आणि ती मात्र तुमच्या मेजरच्या शाखेबाहेरचीच घ्यावी लागते, सायन्सवाल्यानं आर्ट्स किंवा कॉमर्समधली, आर्ट्सवाल्यानं कॉमर्स किंवा सायन्समधली. व्हीएससी म्हणजे मेजरशी जोडलेलं हाताचं कौशल्य. एसईसी म्हणजे स्वतंत्र कौशल्य. एईसी म्हणजे भाषा. व्हीईसी मध्ये पर्यावरण, संविधान असले पेपर, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान परंपरा. सीसी मध्ये एनएसएस, एनसीसी, खेळ, योगा, सांस्कृतिक. पुढं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात फील्ड प्रोजेक्ट, समाजकार्याचा भाग आणि ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव येतो.

ह्यातल्या व्हीईसी, आयकेएस वगैरे मध्ये निवडीला फार वाव नसतो, ते जे आहे ते नीट करा आणि पुढं चला. डोकं लावायचं ते ओईत. ओई ला पोरं "सोपं काय आहे" म्हणून घेतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठी संधी तिथंच वाया जाते. एमपीएससी करणार असाल तर अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्राची ओई घ्या, तोच अभ्यास पुढं कामाला येतो. घरचं दुकान किंवा डेअरी असेल तर अकाउंट्स, जीएसटी असलं काही असेल तर ते. भाचीनं बँकिंगची ओई घेतली आणि दिवाळीत तिनं आजीच्या पतसंस्थेच्या ठेवीचं व्याज स्वतः काढून दाखवलं. दोन क्रेडिटचा पेपर, पण घरात उपयोग झाला.

क्रेडिटचा हिशोब स्वतः घाला

क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन, त्याला किती तास द्यायचे त्यावरून ठरलेलं. एका सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट असतात. तीन वर्षांची डिग्री 120 ते 132 क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स 160 ते 176 ची. आता हे आकडे वेळात कसे बसतात ते बघा. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास. सेमिस्टर 15 आठवड्यांचं धरलं तर थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास.

समजा 22 क्रेडिट, त्यात 16 थिअरी आणि 6 प्रॅक्टिकल. म्हणजे 16 अधिक 12, आठवड्याला 28 तास नुसते कॉलेजात. ह्यात घरचा अभ्यास नाही, जर्नल लिहिणं नाही, प्रवास नाही. गारगोटीहून कोल्हापूर जाऊन-येऊन रोजचे तीन तास तरी धरा, सहा दिवसांचे 18. 28 आणि 18 झाले 46. हा हिशोब कालनिर्णयच्या त्याच पानावर घातला तेव्हाच ठरलं की पोरगी अप-डाऊन करणार नाही, रूम किंवा वसतिगृह बघायचं. त्याआधी सगळे "एसटी चा पास काढू की" असंच म्हणत होते. विद्यार्थी पासला 66.67 टक्के सवलत असते हे खरं, पैसे वाचतात, पण तास परत मिळत नाहीत.

बी.ए., बी.कॉम. ला प्रॅक्टिकलचा भार कमी असतो, तिथं अप-डाऊन जमतं, कागल-इचलकरंजी-जयसिंगपूरची कितीतरी पोरं करतात. पण सकाळची बॅच असेल तर पहिली एसटी किंवा केएमटी (कोल्हापूरची सिटी बस) किती वाजता पोचते ते स्वतः एकदा जाऊन बघा. पहिलं लेक्चर रोज बुडत असेल तर 75 टक्के हजेरी कुठून भरणार?

राहायचं असेल तर ऍडमिशन घेतानाच वसतिगृहाचा फॉर्म भरा, नंतर जागा राहत नाहीत. कोल्हापूरला बोर्डिंगची परंपरा जुनी आहे, शाहू महाराजांनी 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, दसरा चौकाच्या आसपास त्यातली काही आजही आहेत. त्याची चौकशी करा, सगळ्यांनी राजारामपुरी आणि सागरमाळला महागड्या रूमच बघायला पाहिजेत असं नाही.

कागदपत्रं: नाव एकसारखं करून घ्या

दहावी-बारावीचं मार्कशीट, एलसी, आधार, फोटो, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, गॅप असेल तर त्याचं ऍफिडेविट. ही यादी सगळ्यांना माहीत असते. दोन गोष्टी माहीत नसतात.

एक म्हणजे नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठंतरी एखादा 'ए' कमी-जास्त. भाचीच्या वडिलांच्या नावात तसंच होतं. आता प्रत्येकाला अपार आयडी लागतो, 12 आकडी, त्यालाच आधी एबीसी आयडी म्हणायचे, आणि तो डिजिलॉकरमधून आधारच्या नावावर निघतो. तुमची सगळी क्रेडिट तिथं जमा होणार. कॉलेजच्या रेकॉर्डला एक नाव आणि आधारला दुसरं, तर क्रेडिट अडकून बसतात आणि मग तिसऱ्या वर्षी, नेमकं पी.जी. च्या ऍडमिशनच्या टायमाला धावपळ. आम्ही मे महिन्यातच आधार दुरुस्त करून घेतलं, दोन चकरा झाल्या पण काम संपलं. फॉर्मवर नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच टाका, अक्षर न अक्षर. पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर) मिळाला की त्यावरचं स्पेलिंग त्याच दिवशी तपासा.

दुसरं, बोर्ड बदलून येणारे. निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागातून पी.यू.सी. (कर्नाटकातली अकरावी-बारावी) करून कोल्हापूरला येणारी पोरं भरपूर. त्यांना जुन्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्रता तपासणी) करावी लागते, ती लांबवू नका, परीक्षेच्या फॉर्मला अडतं. आणि सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत तुमचं गाव असेल तर तो दाखला काढून ठेवा, इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या सीईटी प्रवेशात त्याची वेगळी कॅटेगरी आहे.

फी आणि उसाचं बिल

आपल्याकडं बऱ्याच घरात पैसा हंगामावर फिरतो. कारखाने पेटतात ते दसरा-दिवाळीच्या पुढं, आणि फी भरायची असते जूनमध्ये, नेमकं पेरणी-खताच्या टायमाला. त्यामुळं ऍडमिशनच्या आधीच घरात बसून बोला, आणि कॉलेजला हप्ते मिळतात का ते अर्ज देऊन विचारा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बहुतेक ठिकाणी ऐकून घेतात.

महाडीबीटी (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) चा फॉर्म मात्र चुकवू नका. उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओपन प्रवर्गातल्या पोरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, बाकी प्रवर्गांच्या आपापल्या योजना आहेत. एकदा भरला म्हणजे तीन वर्षं झालं असं नाही, दरवर्षी रिन्यूअल. खातं आधारला लिंक पाहिजे, नाहीतर मंजूर झालेली रक्कम पण अडकते. उत्पन्नाच्या एक वर्षाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून एप्रिल-मे मध्येच नवा काढा, जूनमध्ये सेतूच्या दारात काय गर्दी असते ते सगळ्यांनी बघितलंय. घरची फारच ओढाताण असेल तर विद्यापीठाच्या आणि कॉलेजच्या कमवा आणि शिका योजनेची चौकशी करा, त्यात लाजायचं काही नाही, मी ज्यांना मानतो त्यातले दोघेजण त्यातूनच शिकलेत.

सेमिस्टर चालू झाल्यावर

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या वेबसाईटवरून प्रत्येक पेपरचा सिलॅबस डाउनलोड करा, युनिट आणि मार्कांची विभागणी बघा. गाईडवरून सिलॅबस ओळखायचा नाही, गाईड जुन्या पॅटर्नचं असू शकतं. ओई किंवा एसईसी बदलायची असेल तर कॉलेज सुरुवातीचे थोडे दिवस देतं, त्या दिवसांत दोन्ही वर्गात बसून बघा आणि बदल लेखी करून घ्या. "सरांना सांगितलंय" एवढ्यावर विसंबलेल्या एका पोराचं हॉल तिकीट जुन्याच विषयाचं आलं होतं, आणि परीक्षा आठवड्यावर. त्याचे ते दिवस मी बघितलेत, म्हणून इतकं जोर देऊन सांगतोय.

जुलै-ऑगस्टचं वेगळं सांगतो. 2019 आणि 2021 च्या पुरात काय झालं सगळ्यांना आठवतंय, शिरोलीजवळ हायवेच बंद. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. गगनबावडा, पन्हाळा, शिरोळ बाजूनं येणाऱ्यांनी ह्या आकड्यांवर लक्ष ठेवा आणि पाणी चढायला लागलं की प्रॅक्टिकलच्या सरांना आधीच मेसेज टाका, कॉलेज ग्रुपवर नको, थेट. पूर ओसरल्यावर कुठलं प्रॅक्टिकल बुडालं त्याची यादी घेऊन स्वतः जा. ज्यांनी विचारलं त्यांची प्रॅक्टिकल भरून निघाली, जे गप्प राहिले त्यांचे अंतर्गत मार्क गेले.

तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळणारी पोरं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांना एकच सांगणं, सीझन आणि इंटर्नल एकत्र येतात का ते आधी बघा, आणि खेळाची सीसी क्रेडिट आपोआप मिळतील असं धरू नका, जिमखान्याच्या सरांकडं नाव नोंदवलेलं पाहिजे.

स्वयम् (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) वरचे कोर्स पण ध्यानात ठेवा. कोर्स शिकायला फुकट, परीक्षेला वेगळी फी, आणि यूजीसीच्या नियमानं सेमिस्टरच्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. पण कॉलेजनं मान्य केलेला कोर्सच घ्या. आधी डिपार्टमेंटची सही, मग नोंदणी.

ओजेटी आणि चौथं वर्ष

ओजेटी साधारण तिसऱ्या वर्षात, 4 क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास म्हणजे 120 तास. इथं कोल्हापूरसारखी जागा नाही बघा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसी, फौंड्र्या, इचलकरंजीचे लूम, हुपरीची चांदी, साखर कारखान्यांच्या लॅब, सहकारी बँका. पण जागा आयत्या वेळी मिळत नाही, पाचव्या सेमिस्टरला बायोडेटा घेऊन फिरायला लागा. केमिस्ट्रीवाल्यांनी कारखान्याच्या लॅबचा विचार करताना गळीत हंगाम धरून करा, मे महिन्यात गेलात तर बॉयलर थंड असतो, बघायला काहीच नाही.

चौथं वर्ष करायचं का? तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडलं तर पी.जी. दोन वर्षांचं, चार वर्षांची ऑनर्स केली तर एक वर्षाचं. म्हणजे एकूण वर्षं तेवढीच. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, म्हणून पहिल्या सेमिस्टरचे मार्क "काय फरक पडतो" म्हणून सोडू नका. आणि घरच्या अडचणीनं मध्येच थांबायची वेळ आली तरी सगळं वाया जात नाही. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा मिळतो, त्यासाठी 4 जादा क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, आणि जमा क्रेडिट 7 वर्षांपर्यंत चालतात. लग्न ठरलं म्हणून किंवा वडील आजारी म्हणून कॉलेज सोडणाऱ्या पोरींना हे कोणी सांगतच नाही, कृपा करून सांगा.

निकाल लागला की त्याच आठवड्यात तीन कामं करा. मार्कशीटवरचे पेपर कोड आणि क्रेडिट आपल्या पानावरच्या चौकोनाशी ताडून बघा. मार्क अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि रिव्हॅल्युएशनची मुदत लगेच बघा, ती थोड्याच दिवसांची असते. आणि डिजिलॉकर उघडून क्रेडिट जमा झालीत का ते बघा, नसतील तर कॉलेजला लेखी कळवा. बॅकलॉग राहिला असेल तर तो पुढच्या कुठल्या चौकोनात काढायचा ते लाल पेननं तिथंच लिहून टाका.

भाचीचं ते पान आता तिच्या रूमच्या कपाटाच्या आत चिकटवलंय. पहिले दोन चौकोन भरलेत, झूलॉजी खोडलंय, आणि एमपीएससी वर तिनं स्वतःच एक प्रश्नचिन्ह काढलंय.